‘ऑल ब्लूज’ वाजवायला घेताना: मोडल ब्लूजमधली हार्मनी आणि उपज

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या १९५१ सालच्या ‘ब्लूज फॉर अ‍ॅलिस’चा कागद समोर ठेवला, तर पहिल्या चार बारांतच (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) सात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, भेटतात. मुळात तीन कॉर्डांवर उभा असलेला बारा बारांचा ब्लूज बीबॉप या जॅझशैलीच्या वादकांनी असा गच्च भरून टाकला होता. त्यातून बाहेर पडायची वाट काही जण शोधत होते. जॉर्ज रसेलने १९५३ मध्येच कॉर्डपेक्षा स्वरसप्तकाला महत्त्व देणारा आपला सिद्धांत मांडला होता. पुढे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने न्यूयॉर्कच्या ३० व्या स्ट्रीटवरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत २२ एप्रिल १९५९ रोजी ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमसाठी ‘ऑल ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. साचा तोच, बारा बारांचा. पण पहिले चार बार एकच कॉर्ड, आणि तोसुद्धा कुठे जायची घाई नसलेला. कॉर्डांपेक्षा सप्तकावर उभ्या असलेल्या या पद्धतीलाच मोडल म्हणतात.

कॉर्ड कमी म्हणजे वाजवायला सोपं, असा एक समज आहे. प्रत्यक्षात चार बार एकाच रंगात काढायचे म्हटलं की पहिल्या दीड बारातच हातातली सगळी सामग्री संपते आणि पुढे बोटं नुसती सप्तकात वर-खाली पळत राहतात. बीबॉपमध्ये बदलणारे कॉर्डच वाजवणाऱ्याला पुढे ढकलतात. इथे ढकलणारं कोणी नाही. त्यामुळे या रचनांत जो एखाददुसरा स्वर बदलतो त्याला फार किंमत येते. ‘ऑल ब्लूज’मध्ये तो स्वर आहे गंधार. गंधार कुठे शुद्ध, कुठे कोमल, आणि तो बदल ऐकणाऱ्याला वेळेवर कळतो का, एवढं साधलं तर निम्मं काम झालं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

कीबोर्ड, गिटार, सॅक्सोफोन, बासरी, हार्मोनियम, काहीही चालेल. सरगम येत असेल तर उत्तमच, कारण मी सगळं सरगमीतच सांगणार आहे. सा धरायचा जी वर, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सवाल्यांनी आपल्या वाद्यावर ए ला सा मानायचा, अल्टोवाल्यांनी ई ला.

आधी ऐका, वाद्य बाजूला ठेवून

मूळ ध्वनिमुद्रण साडेअकरा मिनिटांचं आहे. एका दिवशी एकाच गोष्टीकडे कान लावा. पहिल्यांदा फक्त पॉल चेंबर्सचा बेस ऐका. सा, प, ध आणि कोमल नि यांच्याभोवती फिरणारी एकच आकृती तो धरून ठेवतो. दुसऱ्यांदा कॅननबॉल अ‍ॅडर्ली आणि जॉन कोल्ट्रेन या दोन सॅक्सोफोनवाल्यांची मागची झुलती ओळ ऐका. वरच्या मुख्य सुरावटीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण रंग कुठे बदलतो हे ही मागची ओळच सांगते. पाचव्या बारात ती किंचित काळवंडते, तो कोमल गंधार. सातव्या बारात पुन्हा उजळते. तिसऱ्यांदा बिल इव्हान्सचा पियानो ऐका. सुरुवातीला तो दोन स्वरांची नुसती थरथर धरून बसलेला असतो.

मुख्य सुरावट माइल्स म्यूट लावलेल्या ट्रम्पेटवर वाजवतो. ती मंद्र प वरून एकदम वरच्या ग वर उडी घेते. म्हणजे रचनेची पहिलीच हालचाल शुद्ध गंधार दाखवण्यासाठी आहे. मग सोलोंचा क्रम: माइल्स, अ‍ॅडर्ली, कोल्ट्रेन, इव्हान्स. एकाचा सोलो संपला की दुसऱ्याचा सुरू होण्याआधी चार बारांची मोकळी जागा येते आणि त्यात फक्त ती झुलती आकृती चालू असते. ऐकताना फेरे मोजणाऱ्यांची इथेच फसगत होते. हे चार बार बारा बारांच्या फेऱ्याच्या हिशोबात धरायचे नाहीत.

नकाशा

बार १ ते ४: जी७
बार ५ आणि ६: सी७, काही छापील पानांवर जी मायनर७
बार ७ आणि ८: जी७
बार ९: डी७ शार्प९
बार १०: अर्धा बार ई-फ्लॅट७ शार्प९, अर्धा बार डी७ शार्प९
बार ११ आणि १२: जी७

एका बारात सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन गटांत. काही पानांवर हाच बार तीन मात्रांचे दोन बार करून लिहिलेला असतो आणि मग फेरा चोवीस बारांचा दिसतो. घाबरू नका, रचना तीच आहे.

सहा मात्रा म्हटल्यावर आपल्या डोक्यात दादरा येणारच, आणि मोजण्यापुरता तो उपयोगी आहे. एक फेरा म्हणजे दादऱ्याची बारा आवर्तनं. फोनवर दादरा लावा आणि नुसता सा धरून बारा आवर्तनं मोजा. पाचव्याला हात वर, सातव्याला खाली, नवव्याला चुटकी, अकराव्याला हात मांडीवर. हे न चुकता जमेपर्यंत वाद्याला हात लावला नाही तरी चालेल. मात्र इथे मात्रांचे पोटभाग सरळ पडत नाहीत. मात्रेचा दुसरा अर्धा भाग थोडा उशिरा, लंगडत येतो. म्हणून मोजणं अंगात बसलं की ठेका बंद करून राइड सिंबलचा (ड्रमसेटमधल्या ठेका धरणाऱ्या झांजेचा) ट्रॅक लावा, किंवा तीन मात्रांना एक ठोका पडेल असा मेट्रोनोम ठेवा. मिनिटाला ४० ठोके ही सुरुवातीला चांगली गती आहे.

दोन थाट आणि एक सावधगिरी

पहिल्या चार बारांचं सप्तक म्हणजे सा रे ग म प ध आणि कोमल नि. पाश्चात्त्य भाषेत मिक्सोलिडियन, आपल्या भाषेत खमाज थाट. पाचव्या-सहाव्या बारात सी७ येतो. त्याचं मिक्सोलिडियन सप्तक सा पासून मोजलं तर मिळतं सा रे कोमल ग म प ध कोमल नि, म्हणजे काफी थाट, किंवा डोरियन. पानावर सी७ लिहिलेलं असो की जी मायनर७, स्वरांचा संच एकच. म्हणूनच दोन्ही लिहिणारे बरोबर आहेत.

म्हणजे बारापैकी दहा बारांचा सगळा हिशोब खमाज आणि काफी यांच्यात मिटतो आणि दोघांत फरक एका गंधाराचा. मराठी वाचकाला हे पाश्चात्त्य विद्यार्थ्यापेक्षा लवकर कळेल, कारण दोन्ही सप्तकं आपल्या कानात लहानपणापासून बसलेली आहेत. पण त्यातच धोका आहे. थाट म्हणजे राग नव्हे. खमाज रागाच्या आरोहात रिषभ वर्ज्य आणि निषाद शुद्ध असतो, ठुमरीत त्याची वळणं ठरलेली असतात. ती जशीच्या तशी इथे आणली तर ब्लूज ऐकू येणार नाही. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांच्यासारख्या सॅक्सोफोनवादकांनी राग आणि जॅझची सांगड घातली ती दोन्हीकडची भाषा पुरती मुरल्यावर. सुरुवात करणाऱ्याने आपल्या कानाचा उपयोग स्वर ओळखायला करावा आणि वाक्यं मात्र त्या ध्वनिमुद्रणातून उचलावीत.

तानपुऱ्याचा अ‍ॅप लावून (सा जी, पहिली तार प) सा पासून वरच्या सा पर्यंत खमाज चार वेळा, मग काफी चार वेळा, असं वाजवा. कोमल गंधारावर आलात की काहीतरी खरवडल्यासारखं वाटेल. त्याचं कारण तानपुऱ्यातच आहे. षड्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार निघत असतो आणि तो शुद्ध असतो. तुमचा कोमल गंधार त्याला घासतो. पियानोच्या साथीवर हा संघर्ष एवढा जाणवत नाही, म्हणून मी सुरुवातीला मुद्दाम तानपुरा लावायला सांगतो. ब्लूजची चव या घासण्यातच आहे. ते टाळायचं नाही, फक्त केव्हा घासायचं हे आपल्या हातात हवं.

सात लांब स्वर

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि दिसायला सगळ्यात क्षुल्लक. पूर्ण फेऱ्यात फक्त सात स्वर वाजवायचे, प्रत्येक आपल्या जागी लांबवायचा:

बार १ ते ४ शुद्ध ग. बार ५ व ६ कोमल ग. बार ७ व ८ शुद्ध ग. बार ९ म. बार १० च्या पहिल्या तीन मात्रा तीव्र म, पुढच्या तीन मात्रा पुन्हा शुद्ध म. बार ११ व १२ शुद्ध ग.

गाऊन पाहा: ग, कोमल ग, ग, म, तीव्र म, म, ग. सगळी हालचाल अर्ध्या-अर्ध्या स्वराची. यातला प्रत्येक स्वर त्या-त्या कॉर्डची ओळख पटवणारा आहे. जी७ चा तिसरा, सी७ चा सातवा, डी७ चा सातवा, ई-फ्लॅट७ चा सातवा. साथीला कोणी नसतानाही ही ओळ नीट गायली तर जाणकाराला फेऱ्यातली जागा कळते. आणि हीच ओळ नीट जमली नाही तर वर कितीही ताना मारा, ऐकणाऱ्याला तुम्ही कुठे आहात हे समजत नाही.

आधी गळ्याने, मग वाद्यावर. गळ्याने म्हणायचं कारण असं की कीबोर्डवर कोमल ग दाबायला कानाची गरज लागत नाही, काळी पट्टी दिसते आणि बोट पडतं. गळ्याला मात्र स्वर आधी ऐकावा लागतो. पुढची पायरी: त्या लांब स्वराच्या आधी एक-दोन स्वर जोडा, पण पोहोचायचं त्याच स्वरावर, त्याच मात्रेवर. उदाहरणार्थ चौथ्या बाराच्या पाचव्या-सहाव्या मात्रेवर ‘प म’ आणि पाचव्या बाराच्या समेवर कोमल ग.

डाव्या हाताचं काम

कीबोर्डवर पूर्ण जी७ दाबून बसलात तर रचना चर्चमधल्या प्रार्थनेसारखी जड होते. तीन स्वर पुरतात. पाचव्या बोटापासून वर: कोमल नि, ग, ध. मूळ सा बेसवाला सांभाळतो, तो आपण घ्यायचा नाही. आता पाचवा बार आला की फक्त मधलं बोट अर्धा स्वर खाली सरकवा: कोमल नि, कोमल ग, ध. बाकी दोन बोटं हलतसुद्धा नाहीत. सातव्या बारात मधलं बोट परत वर. इतक्या कमी हालचालीत इतका मोठा रंगबदल क्वचित मिळतो.

गिटारवर हाच आकार डी, जी आणि बी या तारांवर घ्या. डी तारेचा तिसरा पडदा, जी चा चौथा, बी चा पाचवा. पाचव्या बारात फक्त जी तारेवरचं बोट चौथ्यावरून तिसऱ्यावर.

चौथ्या स्वराच्या अंतराने रचलेले कॉर्ड या शैलीची खूण मानले जातात. त्याच अल्बममधल्या ‘सो व्हॉट’मध्ये इव्हान्सने वापरलेला पाच स्वरांचा आकार, म्हणजे तीन शुद्ध चौथे आणि त्यावर एक मोठा तिसरा, आता त्या रचनेच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या सा वर तो रे प सा म ध असा बसतो. मोकळा, हवेशीर, सुंदर. पण नीट पाहा, त्यात गंधारच नाही. तो पहिल्या बारातही चालतो आणि पाचव्यातही, म्हणजे रंगाबद्दल तो काहीच सांगत नाही. नवशिके हा आकार सापडला की बाराही बार तोच दाबत राहतात आणि ब्लूजचा सपाट पट्टा होतो. माझं मत असं की तो दुसऱ्या-तिसऱ्या बारात, सोलो करणाऱ्याला मोकळीक देण्यासाठी वापरावा. पाचव्या आणि सातव्या बाराच्या तोंडाशी मात्र गंधार असलेलाच आकार हवा.

बेसची ओळ एकट्याने सराव करताना अशी धरा: सा प ध, कोमल नि ध प. सहा मात्रा, सहा स्वर. यातही गंधार नाही, त्यामुळे पाचव्या-सहाव्या बारात ती तशीच चालू ठेवली तरी बिघडत नाही. खाली सा चा खुंटा पक्का, वर मात्र खमाजचा काफी झालेला. नवव्या बारात बेस प वर जातो, दहाव्यात कोमल ध वरून पुन्हा प वर.

नववा-दहावा बार, म्हणजे खरी अडचण

आठ बार सुरळीत गेल्यावर इथे सगळे अडखळतात. साध्या ब्लूजमध्ये नववा बार पाचव्या पायरीचा आणि दहावा चौथ्या पायरीचा असतो. इथे दहाव्यात चौथ्याकडे न उतरता कॉर्ड अर्धा स्वर वर चढतो आणि लगेच परत येतो. शिवाय दोन्ही कॉर्ड शार्प९ जातीचे. डी७ शार्प९ सरगमीत मांडला तर दिसतं प, शुद्ध नि, रे, म आणि वर कोमल नि. दोन्ही निषाद एकाच कॉर्डमध्ये! खाली शुद्ध, वर कोमल. हा क्रम उलटा केला तर गचाळ वाजतं, म्हणून कोमल नि वरच ठेवा. तीन बोटांचा आकार: शुद्ध नि, म, कोमल नि. दहाव्या बारात हाच आकार जसाच्या तसा अर्धा स्वर वर: सा, तीव्र म, शुद्ध नि. आणि परत खाली. गिटारवर ए तारेचा पाचवा पडदा, डी चा चौथा, जी चा पाचवा, बी चा सहावा. मग सगळा हात एक पडदा पुढे आणि एक मागे.

सोलोसाठी इथे पुस्तकं ऑल्टर्ड आणि डिमिनिश्ड सप्तकांची लांबलचक यादी देतात. ती शिकायला हरकत नाही, पण पहिल्या वर्षी नको. तीन स्वरांचा एक आकार घ्या आणि कॉर्डबरोबर सरकवा. नववा बार: म रे प, म रे प. दहावा बार: तीव्र म, कोमल ग, कोमल ध, मग पुन्हा म रे प. अकराव्याची सम: ग. प्रत्येक मात्रेला एक स्वर. पाहा, दर गटाचा पहिला स्वर म, तीव्र म, म आणि ग असा पडतो. मागची सात स्वरांची ओळच इथे आतून चालते आहे. हे हातात बसलं की गटातला दुसरा-तिसरा स्वर बदला, एखादी मात्रा गाळा. पहिला मात्र तोच ठेवा.

थोडं पुढे जायचं असेल तर याच कल्पनेने मायनर पेंटाटॉनिक, म्हणजे पाच स्वरांचा संच, सरकवा. डी७ वर प, कोमल नि, सा, रे, म. ई-फ्लॅट७ वर तेच पाच अर्धा स्वर वर: कोमल ध, शुद्ध नि, कोमल रे, कोमल ग, तीव्र म. हे दुसरं पंचक जी च्या घरात अगदी परकं वाजतं, आणि तीनच मात्रा असल्यामुळे ते शोभतं. सहा मात्रा खेचलंत तर सगळे तुमच्याकडे वळून बघतील.

एका वाक्यावर एक फेरा

आता उपज. सप्तक घोटत बसण्यापेक्षा एक छोटं वाक्य घ्या आणि त्याच्यावर पूर्ण फेरा काढा. मी एक देतो: ध प ग, रे सा. मात्रा अशा: पहिली मोकळी, दुसरीवर ध, तिसरीवर प, चौथीवर ग आणि तो पाचवीपर्यंत, सहावीवर रे, पुढच्या बाराच्या समेला सा, मग उरलेला बार गप्प. गंधार चौथ्या मात्रेवर, म्हणजे दुसऱ्या गटाच्या तोंडाशी येतो, हे लक्षात घ्या.

बार १ व २ मध्ये हे वाक्य जसंच्या तसं. बार ३ व ४ मध्ये तेच, पण शेवट सा ऐवजी मंद्र प वर, जणू प्रश्न अर्धवट सोडला. बार ५ व ६ मध्ये मूळ वाक्य, फक्त ग कोमल. एवढ्या एका बदलाने सगळ्या वाक्याचा चेहरा पालटतो आणि ते ऐकवण्यासाठीच बाकीचं काहीही बदललेलं नाही. सातव्या बारात फक्त शुद्ध ग, चौथ्या मात्रेवर, एकटा. आठवा बार गप्प. नवव्या-दहाव्यात वरचा तीन-तीनचा आकार. अकराव्यात ग, आणि बारावा पुन्हा मोकळा.

मोकळे बार मोजलेत तर बारापैकी चार-पाच बार तुम्ही काहीच वाजवत नाही. सुरुवातीला हे फार विचित्र वाटतं. त्या जागा भरायचा मोह आवरा. दुसऱ्या फेऱ्यात हेच वाक्य उलटं घ्या, तिसऱ्यात एक मात्रा उशिरा सुरू करा, चौथ्यात त्याचे पहिले तीनच स्वर वापरा. एका वाक्यातून चार फेरे निघाले की दुसरं वाक्य शोधा, आणि ते शक्यतो माइल्सच्या सोलोतून कानाने उतरवलेलं असावं. लिहून ठेवलेलं ट्रान्स्क्रिप्शन वाचून नव्हे. उतरवताना स्वर चुकले तरी चालतील, पण तो किती थांबतो ते चुकू देऊ नका.

ब्लूज सप्तक कुठे आणि किती

सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि. हे सहा स्वर बाराही बारांवर चालतात, काहीच चुकत नाही. म्हणूनच ते हातात आलं की लोक दुसरं काही वाजवेनासे होतात. अडचण अशी की त्यात गंधार कायम कोमल आहे. पहिल्या चार बारांत तो खर्च करून टाकलात तर पाचव्या बारात दाखवायला काय उरलं? म्हणून शिकण्यापुरता एक नियम पाळा: पहिल्या चार बारांत कोमल ग वर थांबायचं नाही. घ्यायचाच असेल तर कोमलवरून शुद्धावर घसरत जाऊन शुद्धावर टेकायचं. पाचव्या बारात मात्र कोमलवर निवांत बसायचं. ध्वनिमुद्रणातले वादक असला काही नियम पाळत नाहीत, अ‍ॅडर्ली तर मुळीच नाही. पण त्यांना जे मोडायचं ते आधी माहीत होतं.

गिटार, बासरी, सॅक्स आणि गळा यांना आणखी एक वाट मोकळी आहे, कोमल आणि शुद्ध यांच्या मधला गंधार. तार थोडी ओढली, फुंक थोडी सैल केली की तो मिळतो आणि ब्लूजचा खरा गंधार तोच. पेटी आणि पियानोवाल्यांना तो मिळत नाही. त्यांनी कोमल आणि शुद्ध ग चिकटून, झटक्यात वाजवून तो भास निर्माण करायचा.

लय मोडा, पण मोजून

एकाच सप्तकात लांब राहायचं तर वैविध्य स्वरांपेक्षा लयीतून येतं. पहिला व्यायाम: चार स्वरांचा तुकडा, समजा ध प ग रे, मात्रेला एक असा सहा मात्रांच्या बारात अखंड चालवा. दोन बारांत तो बरोबर तीन वेळा बसतो आणि तिसऱ्या बाराच्या समेला पुन्हा ध येतो. मध्ये तो समेपासून सुटतो तेव्हा पायाने तीन-तीनचा ठोका चालू ठेवता आला पाहिजे. दुसरा: सहा मात्रांचे दोन-दोनचे तीन गट करा आणि फक्त गटाचा पहिला स्वर वाजवा. बेस तीन-तीनने झुलतो आणि तुम्ही दोन-दोनने, दोघं समेवर भेटता. लयकारीची सवय असलेल्यांना हे सहज येतं, आणि मग त्यांना थांबवणं कठीण होतं. फेऱ्यात एकदा पुरे.

चार जण एकत्र आल्यावर

पहिला फेरा बेसवाल्याने आकृती सोडायची नाही. पियानोवाल्याने पाचव्या बाराच्या समेला रंगबदल एकदा स्पष्ट दाखवायचा आणि मग मागे सरायचं. सोलो करणारा पहिल्या चार बारांत कोमल ग घेऊन खेळत असेल तर त्याच्यामागे धावून आपणही कोमल करायचा नाही. शुद्धावर घट्ट राहायचं, म्हणजे त्याचा घर्षणाचा खेळ टिकतो. सोलोंच्या मधले चार बार गाळू नका. वेळ वाचवायला बरेच जण ते उडवतात आणि मग नवीन सोलो आधीच्याच्या शेपटीला धरून सुरू होतो.

पुढच्या रचना: बदलणारा स्वर शोधा

‘काइंड ऑफ ब्लू’ याच अल्बममधलं ‘फ्रेडी फ्रीलोडर’ २ मार्च १९५९ ला ध्वनिमुद्रित झालं. त्यात पियानोवर इव्हान्स नाही, विंटन केली आहे, आणि त्या वाजवण्यातला आनंद लगेच कळतो. सा आता बी-फ्लॅटवर. पाचव्या-सहाव्या बारात तोच खमाज ते काफी प्रवास. गंमत शेवटच्या दोन बारांत आहे. घरी परतण्याऐवजी तिथे ए-फ्लॅट७ येतो, म्हणजे कोमल निषादावरचा कॉर्ड. त्याचं सप्तक सा पासून मांडलं तर गंधार, धैवत, निषाद तिन्ही कोमल, थेट आसावरी थाट. त्यामुळे इथे राखून ठेवायचा स्वर गंधार नाही, तर कोमल धैवत. दहा बार तो लपवून ठेवा आणि अकराव्याच्या समेला द्या.

वेन शॉर्टरचं १९६६ मधलं ‘फूटप्रिंट्स’ही मायनर ब्लूजच आहे, सहाच्या झोक्यात. पण त्याचे नववा-दहावा बार बरेच गुंतागुंतीचे आहेत, ते नंतर घ्या. त्याआधी कोल्ट्रेनचं ‘इक्विनॉक्स’, ध्वनिमुद्रण २६ ऑक्टोबर १९६०. सा सी-शार्पवर, म्हणजे काळी एक, अनेक पुरुष गायकांची ओळखीची पट्टी. पहिले चार बार मायनर, काफी थाट धरून वाजवा. पाचव्या-सहाव्या बारात चौथ्या पायरीचा मायनर कॉर्ड येतो आणि आता गंधार कोमलच राहतो, बदलतो तो धैवत: शुद्धाचा कोमल. सातव्या-आठव्यात परत शुद्ध. नवव्या बारात ए७, म्हणजे कोमल धैवतावरचा कॉर्ड, आणि दहाव्यात जी-शार्प७, म्हणजे पंचमावरचा. ‘ऑल ब्लूज’च्या दहाव्या बारातली कोमल ध ते प ही पायरी इथे दोन पूर्ण बार पसरली आहे, त्यामुळे हाताला वेळ मिळतो. सात लांब स्वरांची ओळ याच्यासाठी तुमची तुम्ही काढा. सुरुवात पहिल्या चार बारांत शुद्ध धैवत धरून करा आणि पाचव्या बारावर तो अर्धा स्वर उतरवा.